मलेरिया जाईल, त्याची खूण राहील

परीक्षानळीत थोडं रसायन घेतात. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात, नळी हलवतात आणि काही मिनिटं थांबतात. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रवातून रेघा नीट दिसल्या तर काळजीचं कारण नाही. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या माणसाच्या रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. तो नुसता वाहक आहे की रुग्ण, हे या नळीतून कळत नाही. त्यासाठी पुढची, अधिक नेमकी तपासणी लागते. रायपूरमध्ये, जिथल्या सरकारी रुग्णालयाला सगळं शहर ‘मेकाहारा’ म्हणतं, ‘सिकलिंग’ हा शब्द डॉक्टरांपुरता राहिलेला नाही. तो घराघरांत बोलला जातो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात.

याच राज्यात, छत्तीसगडमध्ये, बोटाला सुई आणखी एका कारणासाठी टोचली जाते. बस्तरच्या पारा-टोल्यांत मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी फिरतात, पट्टीवर रक्ताचा थेंब सोडतात आणि मलेरियाची रेघ उमटते का ते पाहतात. 2020च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहिमेत ताप असो वा नसो, प्रत्येकाचं रक्त तपासायचं ठरलं आणि ज्यांच्या रक्तात परजीवी सापडले त्यांच्यातल्या अर्ध्याहून अधिक लोकांना कसलाच त्रास होत नव्हता.

दोन तपासण्या, दोन रजिस्टरं, दोन कार्यक्रम. सरकारी कागदावर सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे आणि मलेरिया संसर्गजन्य, म्हणून त्यांचे अधिकारी वेगळे, निधी वेगळा आणि उद्दिष्टाची सालंही वेगळी. मलेरियासाठी 2030, सिकलसेलसाठी 2047. माझं म्हणणं असं आहे की ही विभागणी कारभाराच्या सोयीची असली तरी निसर्गाला ती मान्य नाही. हे दोन्ही आजार एकाच इतिहासाचे भाग आहेत. तो इतिहास लक्षात न घेता आखलेलं ‘उन्मूलन’ आपल्याला एकदा महागात पडलं आहे आणि पुन्हा पडू शकतं.

या इतिहासाचा धागा पहिल्यांदा ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या हाती लागला. भूमध्य समुद्राच्या काठी थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक दोष इतका का आढळतो, या प्रश्नावर त्यांनी 1949 साली एक तर्क मांडला: ज्यांच्या अंगात या दोषाची एकच प्रत असते, ते कदाचित मलेरियापासून बचावत असावेत. पुढे 1957 साली हाल्डेन भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. त्याआधीच, 1954 साली, संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हाच संबंध दाखवून दिला. आज हे पक्कं झालं आहे की सिकलसेलच्या वाहकाला फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाची लागण होऊ शकते, पण त्या मलेरियाचं जीवघेणं रूप त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता सुमारे 90 टक्क्यांनी कमी असते.

यामागचा बदल अगदी लहान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं, तिथे व्हॅलिन येतं. जनुकातलं एकच अक्षर बदलतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा बदल मिळाला, तर माणूस वाहक होतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो. मलेरियाचा परजीवी त्याच्या लाल पेशीत शिरला तर ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला वेळेआधीच बाहेर काढते. दोघांकडूनही बदल मिळाला तर मात्र पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात आणि 120 दिवस टिकणारी पेशी जेमतेम दोनतीन आठवड्यांत मोडते. या रुग्णाला वाहकासारखं संरक्षण लाभत नाही. उलट त्याला मलेरिया झाला तर जिवावर बेततं. वाहकाला लाभलेल्या संरक्षणाची किंमत रुग्ण मोजतो, आणि बहुतेक वेळा तो त्याच वाहकाचं मूल असतो.

इथे एक भाबडा समज दूर ठेवायला हवा. ‘निसर्गाने आदिवासींना कवचकुंडलं दिली’ अशी वाक्यं अधूनमधून वाचायला मिळतात. निसर्ग कुणाला काही देत नाही. शेकडो पिढ्यांत मलेरियाने असंख्य मुलं नेली. जी उरली, त्यांच्यात या जनुकाचे वाहक प्रमाणाबाहेर होते, इतकंच घडलं. नैसर्गिक निवड ही शहाणी नसते आणि दयाळूही नसते. तिचा हिशेब चुकता झाला तो मुलांच्या मृत्यूंनी.

तो हिशेब रायपूरपुरता मांडून पाहता येतो. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्रदीपकुमार पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधल्या साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध केले. त्यांत 9.3 टक्के वाहक निघाले आणि 0.21 टक्के रुग्ण. आता साधं गणित करू. लग्नं योगायोगाने जुळत असती, तर दर 10,000 जोडप्यांमागे सुमारे 86 जोडप्यांत नवरा-बायको दोघंही वाहक असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दर 10,000 बाळांमागे 21-22 रुग्ण. तपासणीत सापडले 21.

हा मेळ समाधान देणारा वाटतो, पण तो तसा नाही. आपल्याकडे लग्नं योगायोगाने जुळत नाहीत, ती जातीत होतात. ज्या समाजात वाहकांचं प्रमाण 20 टक्के आहे, तिथे जातीतल्या जातीत लग्नं झाली तर दर 100 बाळांमागे एक बाळ रुग्ण असणार. सगळे समाज एकत्र मोजले तर जन्माला येणाऱ्या रुग्णांचा आकडा योगायोगाच्या गणितापेक्षा वरच जायला हवा. मोजणीत तो वर गेलेला दिसत नाही. याचं सर्वांत संभाव्य कारण एकच आहे: काही मुलं मोजणीपर्यंत पोचलीच नाहीत. ती पहिल्या काही वर्षांतच न्यूमोनियाने, तापाने, रक्त न मिळाल्याने गेली आणि त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत सिकलसेल हा शब्दही आला नसेल.

हा आजार फक्त आदिवासींचा आहे, हा समजही या तपासण्यांनी खोटा ठरवला. छत्तीसगडात साहू आणि कुर्मी समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. विदर्भातही त्याला जातीची एकच चौकट नाही. 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत भारतातला सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला. त्यानंतर काही वर्षांतच, 1958 साली, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. नागपूर, भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, रायपूर हा एकच सलग पट्टा आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतल्या जुन्या मराठी घरांच्या सोयरिकी याच पट्ट्यातून जुळत आल्या. या पट्ट्यातून जाणारी राज्यांची सीमा 1956 साली आखली गेली, जनुकं त्याआधी हजारो वर्षं इकडून तिकडे जात होती. या जनुकाला जात ठाऊक नाही. जिथे धानाची खाचरं होती, ओढे होते, दाट झाडी होती आणि डास होते, तिथे ते टिकलं.

आता प्रश्न येतो तो असा: मलेरिया हटला तर हे जनुकही हटेल का? याचंही गणित करता येतं. वरच्या आकड्यांवरून छत्तीसगडात या जनुकाचं प्रमाण सुमारे 4.9 टक्के येतं. मलेरिया उद्या सकाळी संपला, वाहकाला मिळणारा फायदा शून्य झाला आणि एकाही रुग्णाला मूल झालं नाही, असं अत्यंत निष्ठुर गृहीत धरलं, तरी हे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 20 पिढ्या लागतील. म्हणजे 500 वर्षं. आणि आपल्याला तर रुग्ण जगायला हवे आहेत, त्यांनी संसार करायला हवेत. मग हा काळ आणखी लांबेल. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल अभियान 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवू पाहतं. 7 कोटी लोकांच्या तपासणीचं त्याचं उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण फलकांवर ‘सिकलसेलमुक्त’ हा शब्द लिहिताना हे सांगायलाच हवं की जनुक 2047 साली आजच्याइतकंच असेल. कमी करता येईल ती वेदना आणि बालमृत्यू. उद्दिष्ट तेच असायला हवं, कारण तेच साध्य होण्यासारखं आहे.

यजमानाची, म्हणजे परजीवीला थारा देणाऱ्या माणसाची, बाजू ही अशी आहे. दुसरी बाजू परजीवीची, आणि ती स्वस्थ बसलेली नाही.

मलेरियाची जी पट्टी मितानिन वापरतात, ती फाल्सिपेरम परजीवीने रक्तात सोडलेलं एचआरपी-2 नावाचं प्रथिन पकडते. ज्या परजीवीकडे हे प्रथिन आहे तो पकडला जातो, त्याच्या यजमानाला औषध मिळतं आणि परजीवी मरतो. ज्या परजीवीच्या जनुकसंचातून या प्रथिनाचं जनुकच गळून गेलं आहे, तो पट्टीला दिसत नाही. त्याचा यजमान ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो आणि डास त्याच्याकडून परजीवी पुढे नेतो. असे परजीवी प्रथम दक्षिण अमेरिकेत पेरूमध्ये 2010 साली नोंदले गेले. 2013 साली छत्तीसगडमधल्या नमुन्यांत त्यांची नोंद झाली, आणि 2016 साली देशातल्या आठ राज्यांच्या पाहणीतही ते सापडले. प्रमाण थोडं होतं. पण आफ्रिकेतल्या एरिट्रियात ते इतकं वाढलं की त्या देशाला 2016 साली पट्टीच बदलावी लागली. आपण जितक्या निष्ठेने एकाच पट्टीने सगळ्यांना तपासू, तितकी त्या पट्टीला न दिसणाऱ्या परजीवींची निवड आपणच करत जाऊ. मोहिमेच्या यशातच तिच्या अपयशाचं बीज असू शकतं, हा अनुभव उत्क्रांतीने वारंवार दिला आहे. क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी भारतात 1973 साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये आढळला. ईशान्येत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनही निकामी होत गेलं, म्हणून 2013 साली तिथलं औषध बदलावं लागलं.

परजीवी आपल्या औषधांना उत्तर देतो, तसंच आपल्या जनुकांनाही. गॅम्बिया आणि केनियातल्या मुलांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सिकलसेलच्या वाहकांना जेव्हा गंभीर मलेरिया होतो, तेव्हा त्यांच्या रक्तातले परजीवी बहुधा विशिष्ट बदल झालेले असतात. म्हणजे ज्या संरक्षणासाठी माणसाने इतकी मुलं गमावली, त्या संरक्षणातूनही वाट काढणारे परजीवी निपजले आहेत.

तिसरा गडी डास. बस्तरच्या डोंगराळ भागात अ‍ॅनॉफिलिस फ्लुविआटिलिस आणि अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस हे मलेरिया पसरवणारे मुख्य डास. फ्लुविआटिलिस या एका नावाखाली दिसायला अगदी सारख्या अशा निरनिराळ्या जाती दडलेल्या आहेत. ‘एस’ म्हणून ओळखली जाणारी जात संथ वाहत्या झऱ्यांच्या, झाडीच्या आश्रयाने राहते आणि माणसाला चावते. ‘टी’ प्रामुख्याने गुरांवर जगते आणि मलेरिया पसरवण्यात तिचा वाटा नगण्य. भिंगाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, फरक गुणसूत्रांत आणि डीएनएत आहे. ‘मग जंगल तोडलं की मलेरिया गेला’ असा सोपा निष्कर्ष यातून काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. जंगल तुटलं की एक डास जातो आणि दुसऱ्याला जागा होते. खाणीचे खड्डे, रस्त्याकडेची डबकी, धानाची नवी खाचरं हे क्युलिसिफेसिसला मानवतं. शिवाय ज्या माणसांचं जंगल गेलं, त्यांचं पोषण आणि आसराही गेला. इंद्रावती नदीच्या अलीकडे भामरागड आणि पलीकडे बिजापूर, या दोन्ही काठांवरच्या गावांना एकाच जंगलाचा आधार आहे. तिथल्या डासाला गडचिरोलीचा जिल्हा हिवताप अधिकारी वेगळा आणि बिजापूरचा वेगळा, याची कल्पना नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पाड्यावरच्या बाईला मच्छरदाणी हवी, रस्ता हवा, वेळेवर रक्त हवं, डॉक्टर हवा. उत्क्रांतीची चर्चा तिच्या काय कामाची? मी म्हणेन, तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांच्या ती नक्कीच कामाची आहे. याचा धडा आपण एकदा गिरवला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे 8 लाख मरत. 1953 साली नियंत्रणाचा आणि 1958 साली निर्मूलनाचा कार्यक्रम आला. डीडीटीच्या फवारणीने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. विजय झाला असं वाटलं, लक्ष उडालं, पैसा आटला. तोवर डास डीडीटीला सरावले होते. 1976 साली रुग्ण झाले 64 लाखांहून अधिक. मलेरिया परत आला, तेव्हा दशकभर त्याची ओळखच नसलेली शरीरं त्याला आयती सापडली. मलेरियाशी सतत सामना होत राहिला तर शरीरात थोडीफार सहनशक्ती येते. म्हणूनच बस्तरमध्ये रक्तात परजीवी असूनही लोक कामाला जात होते. मलेरिया कमी झाला की ही सहनशक्ती ओसरते. यशानंतरचं पहिलं दशक त्यामुळेच सर्वांत नाजूक असतं. 

बस्तरची मोहीम आज या टप्प्याकडे निघाली आहे. पहिल्या फेरीत दर शंभर माणसांत चारपाच जणांच्या रक्तात परजीवी सापडत होते, नंतरच्या फेऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. पावसात, नाले ओलांडून, माओवादी संघर्षाच्या सावटाखाली हे काम मितानिन, नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलं. त्यांच्या कष्टांचं चीज व्हायचं असेल तर पुढची आखणी 1976 विसरून करता येणार नाही.

काय करावं, हे अवघड नाही. पट्टीने ‘निगेटिव्ह’ ठरवलेल्या तापाच्या रुग्णांपैकी ठरावीक जणांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली आणि जनुकीय चाचणीने पुन्हा तपासलं जावं आणि ते कायमचं चालू राहावं. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियासाठी प्रायमाक्विन 14 दिवस देतात. ज्यांच्यात जी-6-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरताही मलेरियानेच मागे ठेवलेली आहे आणि ज्या भागांत मलेरिया जुना आहे, तिथेच ती जास्त आढळते. म्हणून औषधाआधी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. मलेरियासाठी बोटाला टोचतानाच सिकलसेलची तपासणी का होऊ नये? आणि सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला मच्छरदाणी आणि मलेरियापासून बचावाची औषधं सर्वांच्या आधी का मिळू नयेत? एकच घर, एकच मितानिन, एकच थेंब. रजिस्टरही एकच हवं.

सर्वांत तातडीची गरज आहे ती जन्मतःच्या तपासणीची. आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन बाळाला पहिले काही महिने सांभाळतं, नंतर धोका सुरू होतो. रुग्ण बाळांना पेनिसिलिन दिलं तर जीवघेणे जंतुसंसर्ग टळतात, हे अमेरिकेतल्या चाचणीने 1986 सालीच सिद्ध झालं. हायड्रॉक्सियुरिया हे वेदनेचे झटके कमी करणारं औषध महाग नाही. भारतातल्या अनेक रुग्णांत हेच पोटात असतानाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं, म्हणून त्यांच्यावर वेळेत उपचार झाले तर ते शिकू शकतात, नोकरी करू शकतात, म्हातारे होऊ शकतात. तपासणी करून हातात निकालाचं कार्ड द्यायचं आणि गोळीसाठी शंभर किलोमीटर पाठवायचं, याला कार्यक्रम म्हणता येत नाही.

कार्डाविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून पाहा, असा सल्ला सरकार देतं. हेतू चांगला आहे. पण आपल्या समाजात अशा कागदाचं काय होतं हे आपण जाणतो. मुलगी वाहक निघाली की स्थळं येईनाशी होतात, मुलगा वाहक निघाला की ते लपवलं जातं. ‘रक्तात दोष आहे’ हे शब्द तिच्या बहिणींच्या लग्नापर्यंत पोचतात. विज्ञानाचं म्हणणं वेगळं आहे. वाहक असणं हा आजार नाही, दोष तर नाहीच. वाहकाने हिमोग्लोबिन पूर्णपणे सामान्य असलेल्याशी लग्न केलं तर एकही मूल रुग्ण होत नाही. दोन वाहकांनीही विचारपूर्वक लग्न करायला हरकत नाही, कारण गर्भाची तपासणी उपलब्ध आहे. निर्णय त्या दोघांचा आहे. कार्ड त्यांचं आहे, शाळेचं, सासरचं किंवा जातपंचायतीचं नाही.

म्हणून या पट्ट्यातल्या वाचकांना, रायपूरच्या, नागपूरच्या, गोंदिया-भंडाऱ्याच्या आणि इथून पुण्या-मुंबईला गेलेल्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे. आपली आणि आपल्या मुलांची सिकलसेल तपासणी लग्नाचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी करून घ्या. वाहक निघालात तर ते लपवू नका. घरात रक्तगट सांगावा तितक्या सहजपणे सांगा. आणि जिल्ह्यात मलेरिया संपल्याची बातमी जेव्हा येईल, तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधींना एवढंच विचारा: पुढच्या वर्षी तपासणीसाठी किती पैसे ठेवलेत?